हार्बर कंट्रीचा शेवटचा कार्यक्रम

जपानमधल्या कोबेत बसून अमेरिकेतली कंट्री गाणी ऐकणारी माणसं होती, यावर आमच्या पुण्यातल्या नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. न बसो. बंदरात उतरणाऱ्या अमेरिकन खलाशांसाठी 'हार्बर कंट्री' रेडिओ सुरू झाला. खलाशी गेले, मग जपानी म्हातारे काउबॉय टोप्या घालून ऐकत राहिले. भूकंपात इमारतीला तडे गेले, तरी स्टेशन चालू होतं.

आमचे हे, देवदत्त, दुपारचा कार्यक्रम करायचे. मेल्या स्टेशनला इतका जीव लावला की एकुलत्या एका मुलाच्या लग्नाला सेंदाईला गेले नाहीत. "लाइव्ह असतं गं, कसं सोडू?" म्हणे. पार्थने त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मधल्यामध्ये मी. "बाबा आठवण काढत होते," "बाबांना फार वाईट वाटतं," असं फोनवर ठोकून द्यायची. हे तर चकार शब्द बोलत नसत. घर सांधायचं तर आईला थापा माराव्याच लागतात.

जाहिराती आटल्या आणि स्टेशन बंद करायचं ठरलं. शेवटचा कार्यक्रम इंटरनेटवर ऐकेन, असं पार्थने मला कळवलं. हे म्हणाले, "आज त्याची माफी मागतो. मराठीत, सगळ्यांसमोर."

मी काचेअलीकडे ओकुनो-सान या तंत्रज्ञाशेजारी बसले. गाणं संपलं, यांनी माइक सुरू केला आणि हे शब्द जुळवत बसले. इथे रेडिओवर शांतता म्हणजे अपघात. काही सेकंद आवाज नाही आला की मशीन आपोआप पियानो लावतं. लावलाच मेल्याने. यांनी हेडफोन काढलेले, यांना काय कळणार? "पार्थ, चुकलो रे. यायला हवं होतं मी," म्हणून ढसाढसा रडले. ते फक्त आम्हा दोघांना ऐकू आलं. ओकुनो-सान पियानो थांबवायला बटणं दाबत राहिला, तोवर वेळ संपली.

"ऐकलं असेल ना त्याने?" बाहेर येऊन यांनी विचारलं. मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"नुसता पियानो वाजला, आई," पार्थ म्हणाला.

"अरे, मशीनने कापलं. चुकलो म्हणाले ते. रडले. तुझी शपथ."

"पुरे आता, आई. इतकी वर्षं त्यांच्या तोंडचं तूच बोलतेयस."

"थांब, त्यांनाच देते फोन."

"नको. बोलायचं असतं तर आज अख्खं स्टेशन होतं त्यांच्याकडे." त्याने फोन ठेवला.

हे जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे होते. "काय म्हणाला?"

"ऐकलं म्हणाला," मी सांगितलं.