पुस्तकात बापच नव्हता

मालनने भावाला फोन लावला तेव्हा भांडायचं तिच्या मनातही नव्हतं. कित्येक वर्षांत तिने दौलतचा नंबर स्वतःहून फिरवला नव्हता. आईला कधी न्यायचं, कधी आणायचं, हे ती वहिनीशी बोलून ठरवायची. सुहासिनी "हो वन्सं, बरं वन्सं" करायची, आणि मागून दौलतचा आवाज यायचा, "काय म्हणतेय ती?" तो आवाज ऐकला की मालन लगेच फोन ठेवून द्यायची.

आई, म्हणजे मनुबाई, एक महिना नौपाड्यात मालनकडे आणि एक महिना डोंबिवलीत दौलतकडे राहायची. जन्मभर ठाण्याच्या बाजारात मासळी विकलेली बाई. अक्षर तिला कधी आलं नाही, आणि आता साखरेने डोळेही नेले होते. टीव्हीचा तिला कंटाळा यायचा. "नुसत्या रडतात गो या बाया, कनाला रडतात ते तरी कळू दे," म्हणायची. मालन प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, नवरा गेल्यापासून एकटी. एक दिवस तिने दुकानातून एक जाडजूड कादंबरी आणली आणि आईला वाचून दाखवायला बसली.

कादंबरी ठाण्याच्या खाडीतलीच होती, फिरंग्यांच्या अंमलातली. हिरू आणि धाकू ही कोळ्याची दोन पोरकी पोरं मिठागरावर राबतात. रात्री धाकूला भूक लागली की हिरू त्याला गोष्ट सांगते. चिखलात उड्या मारणाऱ्या एका निवट्याची, म्हणजे खाडीतल्या छोट्या माशाची गोष्ट, ज्याला माडावर चढायचं असतं. भाताऐवजी गोष्ट खाऊन पोरगा झोपतो. मग मराठ्यांची फौज येते, लढाई पेटते, आणि किल्ल्यातले शिपाई वल्ही मारायला धाकूला धरून नेतात. मालन वाचायची आणि मनुबाई मध्येच म्हणायची, "थांब. परत वाच ते." असं सुख त्या घरात बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. धाकूला नेलं तिथवर येईतो महिना संपला, आणि आईची डोंबिवलीला जायची वेळ झाली.

म्हणून तो फोन.

"दौलत, मालन बोलतेय."

"आईला काय झालं?"

"काही नाही, मजेत आहे. एक पुस्तक वाचतेय मी तिला, अर्धं झालंय. उद्या तिच्याबरोबर पाठवते, खूण घालून ठेवलीय. रोज थोडं वाचून दाखव. फार सुंदर आहे रे. आपल्याच खाडीतलं आहे, बहीणभावाचं. तुलाही आवडेल बघ."

पलीकडे दौलतचा आवाज चढला.

"म्हणजे आता आईला कसं सांभाळायचं त्याचा होमवर्क पण तूच देणार?"

"अरे, मी फक्त—"

"बहीणभावाचं! बरं शोधून काढलंस. टोमणा मारायचा तर तोंडाने मार ना मास्तरीणबाई. त्याच्यासाठी पुस्तक कशाला विकत आणायचं?"

फोन बंद झाला. मनापासून काहीतरी चांगलं सुचवायला गेलो आणि समोरच्याने तोंडावर दार आपटलं, याचा राग साध्या रागापेक्षा वेगळा असतो. तो उतरत नाही.

या भांडणाचं मूळ त्यांच्या बापाच्या मरणात होतं. देवराम शेवटची वर्षं दौलतकडे होते. पोटात गाठ निघाली. मालन म्हणाली, ऑपरेशन करायचं. दौलत म्हणाला, या वयात चिरफाड नको, घरात शांतपणे जाऊ देत. मालन थोरली, शिकलेली. तिने डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवून टाकलं. ऑपरेशननंतर देवराम घरी आलेच नाहीत. तेराव्याला भरल्या घरात दौलत बोलला, "बाबांना हिने मारलं." आणि मालननेही सगळ्यांसमोर सुनावलं, "सहा महिने त्यांचं पोट दुखत होतं ते लपवलं कोणी? वेळेवर सांगितलं असतंस तर ही वेळ आली असती?" त्यानंतर दोघं एकमेकांच्या घरचं पाणी प्यायली नव्हती.

महिन्याने मनुबाई नौपाड्यात परत आली. रिक्षातून उतरवून, जिना चढवून, मालनने तिला दिवाणावर बसवलं आणि न राहवून विचारलं, "वाचलं का गं त्याने?"

"वाचलं तर. रोज. माझी आंघोळ झाली का बसायचा."

मालनला आश्चर्य वाटलं, आणि बरंही वाटलं. "कुठवर आलं मग?"

"हिरूनं बापाला मारलं तिथवर."

"कोणी कोणाला मारलं?"

"हिरूनं गो. बाप आजारी पडला ना त्यांचा. धाकू सांगत होता, नको नेऊस, घरात निवांत मरू दे त्याला. तिनं ऐकलं नाय. मोठी शाणी ती. फिरंग्याच्या वैद्याकडं घेऊन गेली, त्यानं सुरीनं पोट फाडलं म्हाताऱ्याचं." मनुबाईने हात झटकला. "मना नाय आवडली आता ती हिरू."

मालनने पिशवीतून पुस्तक काढलं. तिने घातलेली खूण जिथल्या तिथे होती. पुढचं एकही पान उघडल्यासारखं दिसत नव्हतं. त्या कादंबरीत बाप नव्हताच. पहिल्या पानावरच तो बुडून मेलेला होता. दौलत महिनाभर रोज सकाळी आंधळ्या आईसमोर पुस्तक मांडीवर ठेवून बसला होता आणि मनाला येईल ते सांगत होता.

मालनने रागाने पुस्तक मिटलं. आईला खरं सांगावं, असं वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे ते तेरावं पुन्हा काढायचं. तिने संध्याकाळी पुस्तक उघडलं, खुणेपाशी बोट ठेवलं, छापलेली ओळ डोळ्यांनी वाचली, आणि तोंडाने भलतंच सांगायला लागली.

"धाकूला सगळं ठाऊक होतं," ती म्हणाली. "बाप रोज पोट दाबून कळवळायचा. हिरू लांब कामाला होती, तिला काय कळणार? धाकू म्हणायचा, बाबा, कोणाला सांगू नका. कारण सांगितलं असतं तर त्याला बापाला घेऊन वणवण करावी लागली असती. आळशी होता तो. भित्रा होता."

"मग?" मनुबाई म्हणाली.

मालन बोलत गेली. आपण चुकीचं करतोय हे तिला कळत होतं, पण इतकं मोकळं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मुलांना कविता शिकवताना जसा आवाज लागायचा तसा लागला. आईने मध्ये एकदाही "परत वाच" म्हटलं नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या महिन्यात आई डोंबिवलीला गेली आणि दोनच दिवसांत सुहासिनीचा फोन आला. "वन्सं, काय वाचून दाखवलंत आईंना? त्यांनी यांना सांगितलं, तेव्हापासून हे धड जेवत नाहीयेत."

मालन काही बोलणार इतक्यात दौलतने फोन हिसकावून घेतला. "धाकू भित्रा? असं लिहिलंय त्याच्यात?"

"हिरूने बापाला कापलं, हे लिहिलंय?"

"मी पुस्तक उघडलेलंच नाही. मला काय माहीत काय लिहिलंय!"

"त्याच्यात बापच नाहीये! पहिल्या पानावर मेलाय तो!"

"मग तू कुठून आणलास?"

"तू आणलास तिथूनच!"

"लाज नाही वाटत? आंधळ्या बाईला फसवतेस!"

"हे तू बोलतोस?"

शेवटी दोघांनी एकदमच फोन ठेवला. शहाणी माणसं असती तर तिथे थांबली असती. पण पुढचे काही महिने ती कादंबरी ठाण्याहून डोंबिवलीला आणि डोंबिवलीहून ठाण्याला फिरत राहिली, आणि प्रत्येक फेरीत बिचारी हिरू आणि बिचारा धाकू जास्त जास्त नीच होत गेली. दौलतच्या गोष्टीत हिरू किल्लेदाराच्या घरी पलंगावर लोळायला लागली. मालनच्या गोष्टीत धाकूने बहिणीला ओळखसुद्धा दाखवली नाही. बाप कधी खोकून मेला, कधी तापाने, कधी सुरीने. मनुबाई ऐकायची आणि गप्प बसायची. तिचं जेवण कमी झालं होतं. मालनला वाटायचं, दौलतकडे नीट खायला घालत नसतील. दौलतला वाटायचं, मालनकडे उपाशी ठेवतात.

मग सुहासिनीचे गुडघे सुजले आणि आईला न्यायला दौलतला स्वतः यावं लागलं. मालनने दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. केस पार पिकले होते, पोट सुटलं होतं, आणि उभं राहायची पद्धत थेट बाबांची, एक खांदा खाली. मालनला ते बघवलं नाही.

"आईला बाहेर पाठव. खाली रिक्षा थांबवलीय."

"आत येऊन घेऊन जा. ती काय पार्सल आहे?"

"मी नाही येणार आत."

"मी नाय उठणार," दिवाणावरून मनुबाई बोलली.

दोघांनी वळून पाहिलं. ती पाय वर घेऊन, नेसून-सवरून, पिशवी बाजूला ठेवून बसली होती.

"आई, रिक्षावाला खोळंबलाय," दौलत म्हणाला.

"खोळंबू दे. मालन, ते पुस्तक दे त्याच्या हातात. दौलत, शेवट वाच."

"कसला शेवट?"

"छापलाय तो. तुमी दोघं मना आंधळी समजता ते बरोबर हाय, पण मी बहिरी नाय." मनुबाईचा आवाज बाजारात गिऱ्हाइकाला हाकलताना चढायचा तसा चढला. "ही वाचते तवा पानं उलटायचा आवाज यायचा. मग एकदम बंद जाला. तुझ्याकडं तर कधी आलाच नाय. तुमच्या पुस्तकात बाप रोज मरतो. माझा नवरा एकदाच मेला. मी होते तिथं. तुमी दोघं बाहेर भांडत होतात आणि मी त्याच्या उशाशी होते. त्याचं मना कोणी विचारलं? आता वाच, नायतर मी इथनं हलत नाय आणि इथं जेवत पण नाय."

मालनने पुस्तक पुढे केलं. दौलतने ते घेतलं, उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून चष्मा लावला आणि वाचायला लागला. तो जन्मभर बस चालवलेला माणूस; अडखळत, एकसुरी वाचत होता.

"'विस्मरण'. 'विसर्मण' नाही," मालन म्हणाली.

"गप्प बस."

"तू पण गप बस," आई म्हणाली. "वाच रे."

शेवटच्या प्रकरणात हिरू म्हातारी झालेली असते. कल्याणच्या बंदरात मासळी विकत असताना एक परका नावाडी पोरांना गोष्ट सांगत असलेला तिला ऐकू येतो. निवट्याची गोष्ट. तिनेच रचलेली, आणि एकट्या धाकूला सांगितलेली. तिच्या गोष्टीत निवटा माडावरून पडतो आणि सगळे हसतात. नावाड्याच्या गोष्टीत तो पडत नाही. बहिणीला हाक मारतो आणि ती खांदा देते. हे तिने कधीच सांगितलेलं नसतं. ती टोपली तिथेच टाकते आणि त्याला विचारते, तुला ही कोणी सांगितली? तो म्हणतो, पनवेलच्या एकाने. मग पनवेल, मग उरण. ज्याने ज्याने गोष्ट ऐकली त्याच्या दारात जात जात ती एका झोपडीपाशी पोचते. आत एक खंगलेला म्हातारा बसलेला असतो. ती दारातूनच निवट्याची गोष्ट सांगायला लागते. तो तिला नाव विचारत नाही. विचारतो, "पुढे काय झालं?"

तिथे पुस्तक संपत होतं. दौलत थांबला. त्याने मागचं पान पुन्हा उलटून पाहिलं, जणू अजून काहीतरी असायला हवं होतं. मालनने हे प्रकरण कितीदा तरी वाचलं होतं, पण त्याच्या त्या अडखळत्या आवाजात ऐकताना तिला खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

"बरं लिवलंय," मनुबाई म्हणाली. "तुमच्यापरीस बरं. चल आता."

दौलतने चष्मा खिशात टाकला आणि शेवटी उंबरा ओलांडला, कारण आईला उठवायला दुसरा मार्गच नव्हता. दोघांनी तिला दोन बाजूंनी धरलं. तशीच तिला दाराबाहेर आणली.

"ऑपरेशनचं मी विसरलेलो नाही," तो जिन्याच्या तोंडाशी म्हणाला. मालनकडे न बघता.

"मी पण काही विसरले नाही."

"बरं."

"बरं."

पुस्तक अजून त्याच्या काखेत होतं. मालनने हात पुढे केला.

"मधलं वाचायचंय मला," तो म्हणाला. "ती पनवेलपर्यंत कशी पोचते ते."

"पनवेल शेवटाला आहे. मधे लढाई आहे."

"मग लढाई वाचतो."

तिने हात मागे घेतला. दौलत एकेका पायरीवर थांबत आईला खाली नेऊ लागला. "सावकाश, आई. अजून एक. हां." खाली रिक्षावाला कुरकुरत होता. मालनने दार लावलं आणि स्वयंपाकघरात गेली. गॅसवर चहाचं आधण केव्हापासून ठेवलेलं होतं. ते आटून गेलं होतं. उन्हातून आलेल्या माणसाला आपण पाणीसुद्धा विचारलं नाही, हे तिला तेव्हा आठवलं. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. गॅलरीत जाऊन हाक मारली असती तर थांबली असती. ती गेली नाही.