डोंगर चढणारी वाशिष्ठी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि मी अजून माफ केलेलं नाही. सोलापूरच्या एका मराठी शाळेच्या भिंतीवर टांगलेला मी कोकणाचा नकाशा.

शिवशरण मास्तरांनी मला मांजरपाटावर काढलं. उमेदीची आठ वर्षं त्यांनी चिपळूणकडे शिकवण्यात घालवली होती. त्यांची बायको गंगम्मा हिनं कापडाला खळ लावून ते ताठ केलं. मग मास्तरांनी गेरूनं सह्याद्री उठवला, निळीनं समुद्र भरला आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नद्या, खाड्या, जलदुर्ग दाटीवाटीनं बसवले. खाली कोपऱ्यात शाईनं स्वतःचं नाव घातलं. दाभोळवर बोट ठेवून ते सांगत, इथं पूर्वी जहाजांतून अरबी घोडे उतरायचे आणि घाट चढून आपल्या मुलखात यायचे. समुद्र न पाहिलेली मुलं माझी नीळ बोटानं चाचपून बघत. माझे खरे कौतुकाचे दिवस तेच.

१९३३ साली मास्तर तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांचं नाव उरलं ते एवढं माझ्या कोपऱ्यात. गंगम्मा पोटासाठी शाळेत पाणी भरू लागली.

मग आबासाहेब हेडमास्तर होऊन आले. शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार असं कळताच त्यांनी मास्तरांच्या नावावर चुना फासला आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. मी तेव्हाच डूख धरला. एवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यांनी प्रत्येक नदीवर लाल बाण काढले, समुद्राकडून डोंगराकडे. घाट कधी उतरलेलाच नाही, तर भीमा वाहते तिकडेच सगळ्या नद्या वाहणार असं त्यांना वाटलं. मी दात-ओठ खात वाट बघत राहिलो.

दिपोटीसाहेब निघाले चिपळूणचे. त्यांनी वाशिष्ठीवर छडी टेकवली.

"हेडमास्तर, ही नदी कुठं वाहते?"

"पूर्वेला की, साहेब. आपल्या भीमेसारखी."

"मी हिच्या काठी वाढलो. डोंगर चढताना मला ती कधी दिसली नाही. नकाशा तुम्हीच काढलात ना?"

"होय साहेब, मीच."

दारात गंगम्मा उभी होती. तिनं कमरेवरची घागर खाली ठेवली.

"साहेब, ह्या कापडाला खळ म्या लावली हाय. नकाशा आमच्या मालकानं काडलाय. उलटा करून बगा की, शाई पलीकडं उतरलीया."

साहेबांनी मला उलटं केलं. माझ्या पाठीवर, उलट्या अक्षरांत का होईना, शिवशरण मास्तर होते. आबासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं आणि मला असा आनंद झाला की काय सांगू.

साहेबांनी त्यांनाच ओलं फडकं दिलं. भर वर्गात आबासाहेबांनी स्वतःचं नाव पुसलं, चुना पुसला, आणि खालून मास्तर वर आले, थोडे फिकट. मग आबासाहेब बाणांकडे वळले.

"ते ऱ्हाऊ द्या," गंगम्मा म्हणाली. साहेबांनी फडकं काढून घेतलं.

मित्रांनो, आता माझ्या कडा विरल्यात, उंदरांनी अर्धा समुद्र खाल्लाय. मला जपा, कडा शिवून घ्या, उन्हात टांगू नका. पण ते लाल बाण तेवढे पुसू नका. नदी डोंगर कशी चढते असं कुणी विचारलं, तर आबासाहेबांचं नाव सांगा. त्यांना माझ्यावर आपलं नाव हवंच होतं.