दोन्ही समित्यांचे रामलिंगअप्पा

रंगाच्या बाबतीत रामलिंगअप्पा पक्के होते. गिऱ्हाईक बाईनं साडी काउंटरवर टाकली की ते पदर धरून दारापाशी उजेडात न्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "ताई, असा मोरपंखी माझ्याकडं न्हाई. जवळचा हाय, पण जवळचा चालायचा न्हाई." जवळचा रंग गळ्यात मारून मोकळं व्हावं असं त्यांना साऱ्या धंद्यात कधी वाटलं नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना सगळंच चालायचं. समोरचा जे म्हणेल त्याला ते "हाव" म्हणायचे. यंदा पाऊस बरा होईल म्हणणाऱ्यालाही हाव आणि कसला होतोय म्हणणाऱ्यालाही हाव. यात लबाडी नव्हती. बोलणं ऐकताना ते दोघंही त्यांना खरे वाटायचे.

त्यामुळे दगडी लाइनचा प्रश्न उभा राहिला तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांना आपल्यात धरलं.

लातुरात गोलाईच्या मागं निजामाच्या वेळची दुकानांची एक ओळ आहे, तिला दगडी लाइन म्हणतात. काळ्या दगडाच्या कमानी, वर सागवानी तुळया. कमानी आता दिसत नाहीत, कारण प्रत्येकानं आपापल्या कमानीवर फ्लेक्स ठोकलाय. अप्पांचं ब्लाउजपीस-अस्तराचं मॅचिंग सेंटर याच ओळीत, मधोमध. गाळे पालिकेचे, दुकानदार भाडेकरू. पालिकेपुढं दोन प्रस्ताव आले. एक, सगळं पाडून सहा मजली व्यापारी संकुल उभारायचं. दुसरा, पडझड दुरुस्त करून इमारत होती तशी करायची. गाळेधारकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली.

स्टीलच्या भांड्यांचे धोंडप्पा संकुलाच्या बाजूचे. "अप्पा, किल्लारीच्या भूकंपात माझ्या भिंतीला तडा गेला. अजून किती दिवस जिवावर उदार होऊन धंदा करायचा?"

"हाव," अप्पा म्हणाले.

"मग कृती समितीचे अध्यक्ष तुम्हीच. वयानं तुम्ही सगळ्यात मोठे."

"हाव."

त्याच आठवड्यात घड्याळवाले अमृतराव आले. "अप्पा, एवढा भूकंप झाला, गावंच्या गावं गेली. आपल्या लाइनीला नुसता तडा गेला. असली इमारत पाडायची?"

"हाव. म्हणजे, न पाडलेली बरी."

"तर बचाव समितीचं अध्यक्षपद तुम्हालाच घ्यावं लागतंय."

अप्पांनी तेही घेतलं. दोन्ही समित्यांच्या कागदांवर एकच नाव छापून आलं, तरी कुणाला वावगं वाटलं नाही. अप्पा आतून आपले आहेत, तिकडं नुसते भिडेखातर गेलेत, असं धोंडप्पा सांगायचे. अमृतरावही शब्दन् शब्द तेच सांगायचे.

मग अभ्यासदौरे निघाले. धोंडप्पांनी सगळ्यांना जीपमध्ये घालून नांदेडला नेलं आणि एक नवं कोरं संकुल दाखवलं. काचेची दारं होती, चकाचक फरशी होती. वरच्या मजल्यांवरची शटरं सगळी खाली होती. "भरायचंय अजून," धोंडप्पा म्हणाले. लघवीला जावं म्हणून मंडळी कोपऱ्यातल्या दारापाशी गेली, तर दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडं होती तो मुदखेडला लग्नाला गेला होता. मंडळी इमारतीच्या मागं जाऊन आली आणि परत लिफ्ट बघू लागली.

अमृतरावांनी औशाचा किल्ला दाखवला. पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिकून आलेली त्यांची पुतणी तनुजा सोबत होती. चुन्यात गूळ का घालतात, बेलफळाचं पाणी का घालतात, हे तिनं उन्हात उभं राहून समजावलं. मंडळींनी तटाला हात लावून लावून बघितलं. परतीच्या वाटेवर एका बाभळीपाशी जीप थांबली, पुरुष तेवढे उतरले आणि पुन्हा बसले. तनुजा जीपमध्येच बसून राहिली. दोन्ही दौरे अप्पांना आवडले.

पुढं सुनावणीच्या तोंडावर पार्वतीबाई आजारी पडल्या.

पार्वतीबाई अप्पांच्या दुकानापुढं, कमानीखाली फॉल-पिकोचं मशीन घेऊन बसायच्या. अप्पांची लेक शाळेत जात होती तेव्हापासून बसायच्या, आणि लेकीला आता दोन मुलं होती. मशीन पार्वतीबाईंचं, जागा अप्पांची, गिऱ्हाईक दोघांचं. त्या दोन दिवस आल्या नाहीत तेव्हा अप्पांनी त्यांच्या घराशेजारी विचारलं. मुतखडा निघाला, ताप चढला आणि दवाखान्यात ठेवलंय असं कळलं. अप्पा मोसंब्या घेऊन गेले.

खाटेशी पार्वतीबाईंची मुलगी धम्मप्रिया बसली होती. ती औशाकडं तलाठी होती, रजा टाकून आली होती.

"डॉक्टर काय म्हणायलेत?" अप्पांनी विचारलं.

"पाणी पीत न्हाई म्हणायलेत," धम्मप्रिया म्हणाली. "वर्षानुवर्षं पाणी कमी पडलं म्हणून झालंय."

अप्पांना हे लागलं. दुकानात माठ होता, वर झाकण होतं, पाणी काढायला ओगराळं होतं. "पार्वतीबाई, माठ तुमच्या हातभर अंतरावर हाय की. मी कधी न्हाई म्हणलो का?"

उत्तर धम्मप्रियानं दिलं. "अप्पा, पाणी पिलं की जावं लागतंय. जायचं कुठं?"

अप्पा स्वतः लाइनीमागच्या गोदामाच्या भिंतीकडं जायचे. सगळी लाइनच तिकडं जायची. म्हणजे, आता त्यांच्या ध्यानात आलं, निम्मी लाइन.

"मग आजवर कुठं जायच्या तुम्ही?"

"घरी," पार्वतीबाई म्हणाल्या. "रातच्याला. दुकान बंद झाल्यावर."

त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. बस कुठून सुटते हे कुणी सांगावं, तसं सांगितलं. अप्पांनी मोसंब्यांची पिशवी खाटेच्या दांडीला अडकवली, ती नीट बसली का ते दोनदा बघितलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात बसले आणि गिऱ्हाइकांकडं बघत राहिले. चांगली पाच-सहा ब्लाउजपिसं पसरून बसलेली बाई मध्येच चुळबुळायची, घड्याळ बघायची, "येते हं भाऊ परत," म्हणून उठायची आणि परत यायची नाही. अशा बाया त्यांनी जन्मभर बघितल्या होत्या. दर वेळी त्यांना वाटायचं, आपला रंग चुकला. कितीतरी रात्री त्यांनी अंथरुणावर पडून त्या चुकलेल्या रंगांचा विचार केला होता.

दुपारी ते धोंडप्पांकडं गेले आणि संकुलाचा नकाशा मागितला.

"यात संडास कुठं हाय?"

धोंडप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ बोट फिरवून ते म्हणाले, "चौथ्या मजल्यावर हाय बघा. शोरूमवाल्यांचा."

"आपल्याला?"

"आपण तळमजल्याला, अप्पा."

मग ते घड्याळाच्या दुकानात गेले. तिथं तनुजा मोजमापांचे कागद पसरून बसली होती, अमृतराव बाहेर गेले होते. अप्पांनी तोच प्रश्न विचारला.

"मूळ इमारतीत स्वच्छतागृह नव्हतं, काका," तनुजा म्हणाली. "मूळ स्वरूपाला धक्का लावायचा नाही, असं आमचं तत्त्व असतं. म्हणून दाखवलेलं नाही."

"हाव," अप्पा म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. "तू तर इथं महिनाभर मोजमापं घेत होतीस, बाळ. दिवसभर असायचीस. तू काय करायचीस?"

तनुजानं पेन्सिल खाली ठेवली. ती म्हणाली, "सकाळपासून पाणी पीत नव्हते."

दोघांनी मिळून तिचा नकाशा पुन्हा बघितला. नकाशा सुबक होता. कमानीचा दगडन् दगड काढला होता.

सुनावणीला हॉल भरला. उजवीकडं संकुलवाले, डावीकडं बचाववाले, मधल्या वाटेत चहावाला. सुनावणी घ्यायला अधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी पहिलं नाव पुकारलं, "नवसंकुल कृती समिती, अध्यक्ष."

अप्पा उभे राहिले.

बाईंनी पुढचा कागद बघितला. "आणि दगडी लाइन बचाव समितीचे अध्यक्ष?"

अप्पा उभेच होते.

"दोन्ही तुम्हीच?"

"हाव."

हॉलमध्ये हसू पिकलं. बाई हसल्या नाहीत. "मग तुमचं म्हणणं काय आहे? पाडायचं की ठेवायचं?"

आयुष्यात एवढ्या लोकांसमोर अप्पा फक्त लेकीच्या लग्नात बोलले होते, आणि तेव्हाही जेवून जा एवढंच. "बाईसाहेब, पाडा म्हणायला मी आलो न्हाई, ठेवा म्हणायलाबी न्हाई. आमच्या लाइनीत बायांनी जायचं कुठं, तेवढं दोन्ही नकाशांत न्हाई. ते कुणीतरी सांगा."

धोंडप्पांनी मागून त्यांच्या सदऱ्याला हिसका दिला. "अप्पा, बसा खाली. हा विषय हाय का इथं?"

डावीकडून अमृतरावही म्हणाले, "अप्पा, बसा."

दोन्ही समित्या एका गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

"न्हाई बसत," अप्पा म्हणाले. उजेडात पदर धरून बोलावं तसे ते बोलले. "माझ्या दुकानापुढं बसणारी बाई मुतखड्यानं दवाखान्यात पडलीय. पाणी प्यायला भिते म्हणून. सहा मजले बांधा न्हाईतर गूळ घालून चुना लावा, ती तशीच बसणार हाय तिथं. हे चालायचं न्हाई."

हॉलमध्ये ज्या थोड्या बाया होत्या त्यांनी मान वळवून अप्पांकडं बघितलं. अधिकारी बाईंनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "सध्या सगळ्यात जवळचं कुठं आहे?"

"स्टँडवर," मागून एक बाई म्हणाली. "पण तिथं पाय ठेववत न्हाई."

दोन्ही प्रस्ताव दुरुस्त करून परत आणा, असं सांगून सुनावणी संपली. संध्याकाळी संकुलवाल्यांनी अप्पांना अध्यक्षपदावरून काढलं. बचाववाल्यांनीही काढलं. दोघांनीही त्यांच्या प्रकृतीचं कारण दिलं.

अप्पांची प्रकृती बरी होती. त्यांनी दुकानामागची खोली रिकामी केली. तिथं अस्तराची ठाणं असायची, ती घरी नेऊन पलंगाखाली घातली. बायको म्हणाली, "आता पलंगावर झोपायचं की दुकान लावायचं?" अप्पांनी विचार करून सांगितलं की झोपायचं.

तिथं बायांसाठी संडास बांधायच्या परवानगीसाठी ते अधिकारी बाईंकडं स्वतः गेले. ती मिळाली. दोन्ही बाजूंनी हरकती आल्या. संकुलवाले म्हणाले, पाडायच्या इमारतीत नवं कशाला. बचाववाले म्हणाले, जुन्या इमारतीत नवं कशाला. गवंड्यानं भिंतीला छिन्नी लावली त्या सकाळी तनुजा आली. अमृतरावांना न सांगता आली होती. मागची जुनी मोरी तिनं शोधून दिली, पाइप तिच्यातून काढला, दगड एकही फोडू दिला नाही आणि दुपारी गवंड्यासोबत भाकरी खाऊन गेली.

पार्वतीबाई परत आल्या तेव्हा अंगानं उतरल्या होत्या. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं, सुईत दोरा ओवला. अप्पांनी मागच्या दाराकडं बोट केलं. त्या आत जाऊन बघून आल्या. दुपारी त्यांनी ओगराळ्यानं तांब्या भरून घेतला, अर्धा पिऊन थांबल्या, आणि मग उरलेलाही प्यायल्या.

आठवड्याच्या आत लाइनभर कळलं. चपलांच्या दुकानातल्या पोरी यायच्या, बांगडीवाली यायची, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं यायची. सगळ्या अप्पांच्या काउंटरपुढून जायच्या. काही जणी परत जाताना रंग बघायच्या, बऱ्याच बघायच्या नाहीत. धोंडप्पांच्या घरच्या, कस्तुराबाई, आजवर दुकानात तासभर टेकून घरी पळायच्या. त्या आता दिवसभर गल्ल्यावर बसू लागल्या, आणि धोंडप्पांची दुपारची झोप गेली.

अडचण पाण्याची आली. नळाला पाणी रोज येत नव्हतं आणि ड्रम एका दिवसात संपायचा. शेवटी कस्तुराबाईंनी कमानीखाली सगळ्या दुकानदारांना बोलावलं. दोन्ही समित्या आल्या. पाडायचं की ठेवायचं यावर कुणीतरी बोलायला लागलं, तशी कस्तुराबाई म्हणाल्या, "ते सरकार बघतंय. तुम्ही ड्रम कोण भरणार ते सांगा." पाळ्या लागल्या. पहिली धोंडप्पांची, दुसरी अमृतरावांची.

सोमवारी सकाळी नळ आला. धोंडप्पा पाइप धरून ड्रमपाशी उभे होते. अमृतराव शटर उघडायला आले, त्यांनी बघितलं आणि पाइपचा मधला पीळ पायानं सरळ केला. पाण्याला जोर आला.