दिपेशचा डबा

मित्रांनो, माझ्या खोक्यावर इंग्रजीत भलंमोठं नाव छापलेलं होतं, पण बाळकुम गावात मला त्या नावाने कुणीच ओळखलं नाही. इथे मी 'दिपेशचा डबा'. वहीएवढा, काळा, पुढे एक हिरवा दिवा. सध्या जनाबाईंच्या कपाटावर गोधडीच्या घडीखाली पडून आहे. माझ्याकडून एक फार वाईट गोष्ट घडली. मी मुद्दाम काही केलं नाही, नेमून दिलेलं काम तेवढं चोख केलं. तरीही घडली, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दिपेश हा जनाबाईंचा एकुलता एक मुलगा. एसी दुरुस्तीचं काम शिकून तो न्यूझीलंडला गेला. जनाबाईंनी जन्मभर नाक्यावर मासळी विकून त्याला वाढवलं होतं. तिकडे त्याला सगळं मिळालं, फक्त आपला टीव्ही मिळेना. अॅप उघडलं की पाटी यायची, हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. कुणीतरी पाठवलेल्या चोरट्या लिंकवर मालिका ऐन रंगात येऊन थिजायची आणि भलत्याच जाहिराती नाचायच्या. मित्राचा पासवर्ड महिनाभर चालला, मग मित्रानेच तो बदलला. शेवटी सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला विकत आणलं.

माझं काम सोपं होतं. घरच्या सेट टॉप बॉक्समधलं चित्र आणि आवाज घ्यायचा आणि इंटरनेटवरून दिपेशच्या लॅपटॉपवर पोचवायचा. त्याने तिकडे बटण दाबलं की मी इकडचं चॅनेल बदलायचो. म्हणजे मायलेकांना एकाच वेळी एकच कार्यक्रम दिसायचा. तो बघत असला की माझा हिरवा दिवा लागायचा.

"आये, हा दिवा लागला की समजायचं, मी इथंच बसलोय तुझ्या बाजूला," दिपेश म्हणाला होता. पोरगा प्रेमाने बोलून गेला. जनाबाईंनी ते शब्दशः घेतलं.

त्याची संध्याकाळ म्हणजे आमची दुपार. रोज बारा वाजता जनाबाई ताट घेऊन माझ्यासमोर बसायच्या. दिवा लागला की पदर सारखा करायच्या आणि बोलायला लागायच्या.

"आलास काय रं कामावरशी? आज खाडीतल्या निवट्या गावल्या मना. कालवन केलंय बघ."

मित्रांनो, मी फक्त टीव्हीचा आवाज पोचवतो, खोलीतला नाही. दिपेशला तिकडे यातलं अक्षरही ऐकू जात नव्हतं. पण हे जनाबाईंना सांगणार कोण? त्यातून एकदा गंमतच झाली. मालिकेतली सून रडत होती. जनाबाई वैतागून म्हणाल्या, "दिपेश, हिचा रडना बंद कर रं." आणि त्याच क्षणी चॅनेल बदललं! तिकडे दिपेशला क्रिकेटचा स्कोअर बघायचा होता, इतकंच. जनाबाई मात्र अशा खुलल्या की त्यांनी ही गोष्ट साऱ्या आळीला ऐकवली. मलाही तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

त्यानंतर आळीत एक रिवाजच पडला. जनाबाईंच्या खिडकीतून चॅनेल बदलल्याचा आवाज आला की त्या लेकाशी बोलतायत असं समजायचं आणि कुणी मध्ये जायचं नाही. शेजारच्या रंभाबाई, ज्यांनी नाक्यावर तीस वर्षं त्यांच्या बाजूला मासळीची पाटी लावली, त्यासुद्धा दारातून मागे फिरायच्या.

अशी चार वर्षं गेली. जनाबाईंनी सगळं मला सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं, स्वप्नात आलेल्या नवऱ्याचं सांगितलं. मग गेल्या वर्षी सांगायला लागल्या, "पोरा, ह्यो डावा हात कसा मुंग्या आल्यावानी होतो रं." पुढे एकदा म्हणाल्या, "बीपीच्या गोल्या सरल्या. तुला सांगून ठेवते, तू बघ काय त्या." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वाट बघत राहिल्या, की आता दिपेश गोळ्यांची काहीतरी व्यवस्था करील.

रविवारी त्याचा फोन यायचा.

"बरी हायस ना, आये?"

"बरी हाय. तुला तं सगला म्हाईत हाय."

तो गंमत समजून हसायचा. जनाबाई फोन ठेवून द्यायच्या. लेकाने गोळ्यांचा विषयच काढला नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं. पण कामाच्या धबडग्यात पोराला पुन्हा टोचायचं कशाला, म्हणून त्या विचारायच्या नाहीत. माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. एवढी मोठी मॅच मी सातासमुद्रापार पोचवायचो, आणि दोन शब्द पोचवता येत नव्हते.

तो मंगळवार होता. दुपारी बाराला दिवा लागला. जनाबाई ताट घेऊन उठल्या आणि दोन पावलांवर कोसळल्या. ताट घरंगळत दाराशी गेलं. तोंड वाकडं झालं होतं, डावी बाजू लुळी पडली होती. पण शुद्ध होती. "दिपेश..." असं काहीतरी त्या म्हणाल्या. दिपेशने तिकडे बटण दाबलं. मी चॅनेल बदललं. विनोदी कार्यक्रम लागला.

जनाबाई टीव्हीकडे बघत होत्या. लेक बघतोय आणि येत नाही, असंच त्यांना वाटत असणार. मला ते आठवलं की अजून सहन होत नाही.

दिपेश अडीच वाजेपर्यंत बघत होता. घरचा टीव्ही व्यवस्थित चालू आहे, म्हणजे घरी सगळं ठीक आहे, अशी त्याची समजूत. बुधवारी सकाळी दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवली. दुपारी ती तशीच लटकलेली रंभाबाईंनी पाहिली. त्यांनी दार ठोठावायला हातही उचलला होता. आणि आतून चॅनेल बदलल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा.

"बसलीय लेकाबरोबर," असं म्हणून त्या परत गेल्या.

दारापासून चार हातांवर जनाबाई पडल्या होत्या. मित्रांनो, तो आवाज मी केला होता.

संध्याकाळीही पिशवी तिथेच दिसली तेव्हा रंभाबाईंनी दार लोटलं. ठाण्यातल्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, काल आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. जनाबाई वाचल्या. वाचा गेली.

शुक्रवारी दिपेश आला. इस्पितळाच्या जिन्यातच रंभाबाई त्याच्यावर तुटून पडल्या, हे त्याने घरी आल्यावर न्यूझीलंडमधल्या बायकोला रडत रडत फोनवर सांगितलं. रंभाबाई म्हणाल्या होत्या, "रोज दुपारी तुना सांगत व्हती ती. गोल्या सरल्या, हात सुन्न पडतो. येकदा तरी दवाखान्यात जा म्हनाचास!"

"मला काहीच ऐकू येत नव्हतं गं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मग त्याने रंभाबाईंना घरी बोलावून विचारलं, आणखी काय काय सांगायची आई? रंभाबाईंना कानावर पडलेल्या चार-पाच गोष्टी आठवल्या. बाकीचं कुणालाच माहीत नाही.

आता जनाबाई घरी आहेत. दिपेश परत गेला नाही. तो रोज पलंगाशी बसून भात भरवतो आणि म्हणतो, "आये, बोल ना. मी ऐकतोय." जनाबाई ओठ हलवतात, आवाज येत नाही.

मित्रांनो, दूरदेशी आपला टीव्ही जरूर बघा, त्यात काही वाईट नाही. पण चित्र आलं म्हणजे घरची खुशाली आली असं मानू नका. घरी फोन कराल तेव्हा नुसतं 'बरी आहेस ना' विचारू नका, त्यावर आईचं उत्तर ठरलेलं असतं. गोळ्या किती उरल्या ते विचारा आणि पाकीट हातात घेऊन मोजायला लावा. आणि शेजाऱ्यांनो, आतून आवाज आला तरी परत फिरू नका. दार लोटा आणि माणूस डोळ्यांनी बघा.