आय म्हण, वहिनी!

“वी नाही गो वहिनी, आय! आय म्हण!” वेदिकाच्या नणंदेने, समीक्षाने, मुलाखतीची तयारी करून घेताना कपाळावर हात मारला. “मागच्या वेळी ह्या वीच्या पायीच नोकरी हुकली ना?”

हुकलीच होती. आंबा निर्यात करणाऱ्या कंपनीला पॅकिंगवर सुपरवायझर हवी होती. वेदिका इंग्रजी मुलाखतीत ‘आय’, म्हणजे ‘मी केलं’, म्हणायच्या जागी जे ते वी, वी, ‘आम्ही केलं’, असंच सांगत बसली. त्यांना वाटलं, ही नुसती हाताखालची. निवडलेली बाई आलीच नाही, म्हणून आज पुन्हा फोन येणार होता.

“पण मी एकटीने कुठे केलं सगळं?”

“मग पगारही गावात वाटणार का?”

मालगुंडच्या त्या घरात रेंज पडवीच्या टोकालाच. वेदिका तिथे स्टुलावर बसली. सासूबाईंनी नातवाला कडेवर घेतलं, कुकर बंद केला, बांगडे घेऊन आलेल्या सखूला खुणेनेच गप्प केलं. सखू पाटी उतरवून ऐकत बसली.

फोन वाजला. कंपनीच्या मॅडमनी इंग्रजीतच विचारलं, आधीच्या कामावर असताना मे महिन्यात घाटात आंब्याची गाडी बंद पडली म्हणालात, तेव्हा काय केलंत?

वेदिकाची इंग्रजी धावतच सुटली. पेट्या जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात उतरवल्या, सावलीत उघडून ठेवल्या, दुसरा टेम्पो मागवला. वी... वी...

समीक्षाने डोळे वटारले.

“तिथे मालक होते?” मॅडमनी विचारलं.

“नो. फोन ऑफ.”

“मग ठरवलं कोणी?”

वेदिकाला तो दिवस आठवला. हमाल घामाने निथळत होते, मास्तरांनी कुलूप उघडून दिलं होतं. एवढी माणसं सोडून आपणच पुढे व्हायचं?

“आंबा सडला असता तर बोलणी कोणी खाल्ली असती?” मॅडमनीच पुढे विचारलं.

“आय!” ती झटकन म्हणाली. तिथे विचार करावा लागलाच नाही.

मॅडम हसल्या. “देन हू डिसायडेड?”

वेदिकाचे कान तापले. पाठ ताठ झाली. “आय. आय डिसायडेड. देन वी वर्क्ड. ऑल ऑफ अस.”

“गुड. कॅन यू जॉइन ऑन मंडे?”

“येस! येस मॅडम!”

फोन ठेवायच्या आत समीक्षाने तिला मिठी मारली. “लागली काय गो?” सखू ओरडली. पोरगं कारण नसताना टाळ्या पिटायला लागलं.

“सोमवारी?” सासूबाई म्हणाल्या. “नि ह्याला कोण बघणार?”

“तुम्ही,” वेदिका बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

सासूबाईंनी नातवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. “बघ गो सखू! नोकरी लागली हिला, आणि कामाला लागले मी!”