खड्ड्यातली ऊब

दुर्गंधीला आत यायला दार वाजवावे लागत नाही. वाढत्या शहरातल्या त्या चार मजली इमारतीत ती हल्ली मालकिणीसारखी वावरत होती. निवृत्त शिक्षिका असलेल्या सासूबाईंनी सर्वांच्या ओल्या कचऱ्यासाठी अंगणात खताचा खड्डा करून घेतला होता. त्या काही आठवडे लेकीकडे गेल्या आणि खड्ड्याला घाण सुटली. तो बुजवावा, अशी तक्रार त्यांच्याच सुनेने केली. सासूबाई परतल्या, तर अंगणात गवंडी सिमेंट कालवत होता.

“काकू, तुमचं अत्तराचं दुकान आज बंद बरं का!” तळमजल्यावरचे वकील नाकाला रुमाल लावून म्हणाले.

“करा की. पण मयताचं तोंड तरी बघू द्याल ना?” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “सूनबाई, फावडं घे.”

सून बँकेत अधिकारी; टापटिपीची भोक्त्री. चरफडतच तिने फावडे मारले. वर आली एक फुगलेली, ठिबकणारी प्लास्टिकची पिशवी. मग आणखी एक. प्रत्येकीचे तोंड घट्ट आवळलेले.

“हे कुणाचं डोकं?”

“माझंच, आई,” सून पुटपुटली. “उघडा कचरा बघून शिसारी येते, म्हणून मीच घरोघरी सांगितलं, पिशवीत भरून गाठ मारा आणि मग टाका.”

“अगं, श्वासच कोंडलास की त्याचा! सडेल नाही तर काय? आता खालच्या थरात हात घाल. तो मोकळा टाकलेला आहे, पाल्याखालचा.”

“हात? शी!”

“घाल गं, चावत नाही.”

तिने डोळे मिटून हात घातला, आणि ती थबकली.

“आई! हे तर गरम आहे!”

कुणी चूल पेटवली नव्हती, तरी त्या काळ्याभोर भुसभुशीत अंधारातून वाफेची रेघ सकाळच्या उन्हात चढत होती. देठे, साली, चहाचा चोथा यांपैकी कशाचीच ओळख उरली नव्हती. वास होता तो दाट जंगलाच्या तळाचा. अदृश्य जीवांचे एक अफाट नगर तिच्या तळव्याखाली अखंड राबत होते, आणि त्या नगरात टाकाऊ असे काहीच नव्हते!

वकिलांचा रुमाल नकळत खाली आला. तरी ते म्हणालेच, “पण काकू, कचऱ्याची गाडी येते की! नेते सगळं.”

“नेते कुठे? आपल्या नजरेआड. ते नजरेआडचं ठिकाणही कुणाचं तरी अंगणच असतं, वकीलसाहेब.”

सून गवंड्याकडे वळली. “दादा, खड्डा बुजवायचा नाही.”

“अहो ताई, मग ह्या कालवलेल्या मालाचं काय करू? डोक्यावर थापू?”

“खड्ड्याभोवती कठडा बांधा. पक्का!”

आणि पदर खोचून ती एकेक गाठ सोडू लागली. ओले खड्ड्यात, प्लास्टिक बाजूला. थोड्या वेळाने वकीलही बाह्या सारून शेजारी बसले.

बंधुभगिनींनो, कचरा झाकला म्हणजे स्वच्छता झाली असे नव्हे. ज्याचे त्याला वेगळे करून परत देणे, ही खरी स्वच्छता. मातीचे मातीला मोकळ्या हाताने द्या; पुढचा चमत्कार ती स्वतःच घडवते.