उन्हातली घागर

"अजून टाक," नत्थुजी म्हणाले.

सहदेव हमालाने धावड्याचा आणखी एक ओंडका पारड्यात ठेवला आणि काट्याऐवजी नत्थुजींच्याच तोंडाकडे बघितलं. सहा मण झाले होते. टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, पंधरा-वीस माणसं जमली होती आणि त्यातल्या निम्म्यांना मयतीपेक्षा या काट्याचं कुतूहल जास्त होतं, हे नत्थुजींना पाठमोरं उभं राहूनही कळत होतं. सकाळी त्यांची बायको, केशरबाई, गेली होती. अशा वेळी माणूस घरी बसतो, लाकडं शेजारीपाजारी आणतात. पण सव्वीस वर्षं याच टालावर सगळ्या अकोल्याचं सरपण तोललेला माणूस बायकोची लाकडं दुसऱ्याला कशी तोलू देईल? "माह्या हातानं तोलीन," एवढं म्हणून ते अनवाणीच निघून आले होते.

गर्दीतून मोरोपंत वकील पुढे झाले. वनमहोत्सव समितीचे अध्यक्ष. गावात कुठलंही चांगलं काम निघालं की त्याचं अध्यक्षपण यांच्याकडे चालत यायचं. त्यांनी नत्थुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच.

"नत्थुजी, दुःख मोठं आहे. पण मी चौकशी केली, चार मणांत भागतं. तुमच्यासारख्याने या प्रसंगी आदर्श घालून दिला तर लोक वर्षानुवर्षं नाव काढतील. केशरबाईंनाही तेच आवडलं असतं."

नत्थुजींनी खांदा सोडवून घेतला.

"वकीलसाहेब, बाजूले व्हा," ते म्हणाले, "पारडं लागंल."

आता गावाला एवढं कुतूहल का, ते सांगितलं पाहिजे.

नत्थुजी टालावर लागले तेव्हा मेळघाटातून परतवाड्यामार्गे येणारं लाकूड एका माणसाच्या कवेत मावत नसे. पुढे पुढे ते मांडीएवढं झालं, मग मनगटाएवढं. आणि बारा वर्षांमागे, स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात, एका ट्रकातून नुसती मुळंच आली. ओली माती लागलेली, उपटून काढलेली मुळं. नत्थुजींनी ती मुकाट्याने तोलली, पण दुपारी त्यांना भाकर गेली नाही. लाकूड तोडतात हे त्यांना माहीत होतं, त्यावरच त्यांचं पोट होतं. पण मुळं विकायला आणायची म्हणजे काय? त्यांना माणसाची किळस आली. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चुलीपुढचा सरपणाचा ढीग अंगणात नेऊन टाकला.

"आजपासून आपल्या चुलीत लाकूड नाई," त्यांनी केशरबाईला सांगितलं.

"मंग काय तुमचं डोस्कं घालू चुलीत?" केशरबाई म्हणाली.

केशरबाई बोलायला फटकळ, पण नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायची नाही. नत्थुजींनी तिला समजावून सांगितलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण माणूस विचार करणारा होता. "हे पाय, गावात हजार चुली. एकेक गाव असं, सारा मुलूख असा. इतका धूर वरतं जाते, तो जाते कुठं? वरतंच साचून राह्यत असंन ना? अन् त्याले खाऊन टाकणारं जंगल आपुन तोडून राह्यलो. दर साली ऊन वाढून राह्यलं, तुले समजत नाई? एक दिवस असा येईन का ऊन जायाचंच नाई."

"अन् आपल्या एका चुलीनं ते थांबंन?"

"नाई थांबनार. पण आपला धूर तरी त्यात नसंन."

मग आरागिरणीतला लाकडाचा भुसा घरी येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात मधोमध दांडा उभा धरायचा, भोवती भुसा ठोकठोकून भरायचा, मग दांडा अलगद ओढून काढायचा आणि खालून जाळ लावायचा, अशी ती शेगडी. भुसा सैल राहिला की ढासळला, दमट राहिला की घरभर धूर. अंघोळीच्या पाण्याला तर जाळच नाही. नत्थुजी पहाटे विहिरीवर गार पाण्याने न्हायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. केशरबाईसाठी त्यांनी युक्ती काढली. काळ्या बुडाची तांब्याची मोठी घागर भरून अंगणात उन्हात ठेवायची. ऊन सरकेल तशी घागर सरकवायची. दुपारी बारा-एकला पाणी बऱ्यापैकी कोमट होई. तेव्हा नत्थुजी टालावर असायचे. घागर कोण सरकवतं याचा विचार त्यांनी कधी केला नाही, कारण युक्ती त्यांची होती.

गाव आधी हसलं. लाकडाच्या टालावर बसतो अन् घरी भुसा जाळतो, म्हणून हमालांनी त्यांना भुसाजी म्हणायला सुरुवात केली. नत्थुजींनी कान बंद केले. गावाकडे बघून त्यांना आधीच शिसारी यायची. मोरोपंतांच्या पुतणीच्या लग्नात नुसतं अंघोळीचं पाणी तापवायला तीन भट्ट्या आठ दिवस रात्रंदिवस पेटत्या होत्या. ती लाकडं नत्थुजींनीच तोलून दिली होती. आठव्या दिवशी वऱ्हाड निघून गेलं तरी एक भट्टी चालूच होती, कोणी विझवायचं यावरून गड्यांत भांडण लागलं म्हणून.

आणि दोन वर्षांमागचा तो वनमहोत्सव. शाळेमागच्या मैदानात अकरा रोपं लावायची होती. त्यासाठी मांडव घातला, तो आंब्या-जांभळाच्या हिरव्यागार फांद्यांचा. कमानीसाठी कडूनिंबाची दोन झाडं पार बोडकी केली. रोपांना कुंपण पाहिजे म्हणून बाभळी तोडल्या. नत्थुजींनी नजरेनेच वजन केलं, अकरा मण तरी ओलं लाकूड होतं. रोपाला एक मण. त्याच मांडवात मोरोपंतांनी त्यांना स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. "अग्नीशी दररोज झुंजणारा हा साधा माणूस," असं काहीबाही ते बोलले. टाळ्या झाल्या.

खरं सांगायचं तर त्या टाळ्या नत्थुजींना गोड लागल्या. किळस वाटत होती आणि गोडही लागत होत्या. ते शाल पांघरूनच घरी आले, आषाढातल्या उकाड्यात.

केशरबाईने शालीची घडी घातली. "झुंजता तुमी आन् धूर खाते मी," ती म्हणाली. मग जरा थांबून हसत म्हणाली, "एक सांगून ठेवते तुमाले. जितेपनी तं भुसाच माह्या नशिबी. पन मेल्यावर मले चांगल्या धावड्यावर जाळजा. मन भरून. एक डाव तरी ऊब पायजे."

"काईतरीच बोलतं," नत्थुजी म्हणाले. पण ते बोलणं त्यांच्या मनात राहून गेलं.

त्यानंतरच्या थंडीत तिची बोटं वाकली. संधिवात. भुसा ठोकून ठोकून हाताचे सांधे आधीच धरलेले होते, त्यात थंडी. डॉक्टरने गरम पाण्याने शेकायला सांगितलं. नत्थुजी म्हणाले, उन्हाच्या पाण्यात सूर्याची शक्ती असते, त्याचा गुण लाकडाच्या पाण्याला यायचा नाही. कोणी सांगितलं होतं त्यांना? कोणी नाही. पण शाल मिळालेला माणूस अशा गोष्टी बोलायला लागतो. महिन्याभराने त्यांनी विचारलं तर म्हणाली, "बरं हाय आता. शेक लागते." नत्थुजींनी टालावर चार माणसांना ते मुद्दाम सांगितलं.

त्याच दिवसांत रऊफवर त्यांची खप्पामर्जी झाली. रऊफ हा त्यांचा भिंतीपलीकडचा शेजारी, टालावरच्या लाकडाची बैलगाडी हाकायचा. घरात तो आणि त्याची बायको रहिमाबी, दोनच माणसं. तरी पूर्वी महिन्याला मणभर लाकूड नेणारा रऊफ आता दोन मण नेऊ लागला.

"काहून रे, दोन जीव तुमी. काय हत्ती पाळला का घरात?" नत्थुजी सगळ्यांदेखत म्हणाले होते. "तुमच्यासारख्याईनंच जंगल खाल्लं."

रऊफने मान खाली घालून लाकडं गाडीत भरली होती. सलग दोन हिवाळे तो असाच बोलणी खात राहिला.

तर अशा नत्थुजींची बायको गेली होती आणि काटा आठ मणांवर आला होता. आठ म्हणजे रीतीप्रमाणे पुरे. सहदेव हात झटकून उभा राहिला.

"अजून टाक," नत्थुजी म्हणाले.

"नत्थुजी, आठ झाले."

"मले वाचता येते काटा. धावडा टाक. वाळलेला पाहून."

दहा मणांवर ते थांबले. मोरोपंत कोणाच्या तरी कानाशी लागले होते. "शेवटी सगळे सारखेच," एवढे शब्द नत्थुजींना ऐकू आले. रऊफने गाडी जुंपलेलीच होती. त्याने लाकडं भरली, वरून दोर आवळला आणि डोळे पुसले. नत्थुजींना त्याचं जरा नवल वाटलं. माझ्या बायकोसाठी हा का रडतो?

मोर्णा नदीच्या काठी दहा मण धावडा कडकडून पेटला. इतकी धग आली की माणसांना मागे सरावं लागलं. नत्थुजी सरकले नाहीत. आपण शब्द पाळला, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याने त्यांना बरंही वाटलं.

दिवस कलताना ते घरी आले. मयतीहून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. ते विहिरीकडे वळले आणि थांबले. अंगणात घागर होती. तिच्याच पाण्याने न्हावं, असं त्यांना वाटलं. आज तिची घागर सरकवायला कोणी नव्हतं, पण सकाळचं ऊन तरी लागलं असेल. त्यांनी घागरीत तांब्या बुडवला आणि वर काढला.

पाणी हिरवं होतं. त्यात बारीक किडे वळवळत होते. घाण वास आला.

नत्थुजींनी घागर धरून तिरपी केली तर ती जागची सुटेना. बुडाखाली माती धरली होती, कडेने शेवाळ चढलं होतं. ही घागर कालपरवा ठेवलेली नव्हती. ही कित्येक महिन्यांत हललीच नव्हती. वरून रोज तांब्याभर पाणी पडलं असावं, येताजाता भरलेली दिसण्यापुरतं. आणि येताजाता ते बघतच होते. भरलेली घागर उन्हात ठेवलेली आहे एवढं बघून समाधानाने टालावर जात होते.

त्यांनी तांब्या ओतून दिला. हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"भाऊ," भिंतीपलीकडून आवाज आला. रहिमाबी होती. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, रडून आवाज बसलेला. तिने दोन्ही हातांनी एक बादली उचलून मातीच्या भिंतीवर ठेवली. "पानी तापवलं. न्हाऊन घ्या."

बादलीतून वाफ निघत होती.

"भाभीचे हात चालत नव्हते, भाऊ," रहिमाबी हळूच म्हणाली. "घागर उचलल्या जात नव्हती तिच्यानं. दोन सालापासून रोज तुमी गेल्यावर येक बादली देत होती मी. तुमाले सांगू नको म्हने. त्याइले वाईट वाटंन, म्हने. लोकाईत त्याइचं नाव हाय."

रहिमाबीच्या मागे दारात रऊफ उभा होता, मान खाली घालून, टालावर उभा राहायचा तसाच. दोन मण. त्यातला एक मण कुठे जात होता ते आता समजलं. आपल्याच हाताने तोलून दिलं होतं आणि वरून त्याला हत्ती विचारला होता.

त्यांना मोरोपंत आठवले, मांडव आठवला, पेटती भट्टी आठवली. आयुष्यभर ज्याची त्याची किळस केली. आता ती सगळी माघारी आली आणि जाईल कुठे? किळस करायला आता स्वतःशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं.

रहिमाबी आत गेली. नत्थुजींनी बादली उतरवून घेतली, न्हाणीच्या दगडावर बसले आणि पहिला तांब्या डोक्यावर घेतला. बारा वर्षांत त्यांच्या अंगाला गरम पाणी लागलं नव्हतं. पाण्याला धुराचा वास होता. धावडा. वासावरून लाकूड ओळखायची त्यांना सवय होती. पाठीवरून ऊब उतरली, गुडघ्यांत शिरली, आणि दिवसभर न आलेलं रडू तेव्हा आलं. फार बरं वाटलं त्या पाण्याने. असं बरं तिला रोज वाटत होतं आणि ते तिला चोरून घ्यावं लागत होतं.

सगळं पाणी संपेपर्यंत ते न्हाले. मग बादली राखेने घासली, विसळली आणि परत ठेवायला भिंतीपाशी गेले. भिंतीच्या माथ्यावर, लिंपलेल्या मातीत, एक गोल खळगा पडला होता. बादलीच्या बुडाएवढा. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. दोन वर्षं रोज ते या भिंतीजवळून जात होते.

नत्थुजींनी बादली त्या खळग्यात ठेवली. ती बरोबर बसली.